बिऱ्हाडबदल

ज्या गृहस्थानें जन्मांत एकदां तरी बिऱ्हाड हलविलें आहे, त्याला स्थलांतराचें दुःख निराळें सांगावयास नको. सामान बांधतांना त्याला प्रथमच कळतें कीं, आपल्याजवळ इतकें सामान होतें. नव्या जागेंत तें उघडतांना कळतें कीं, नेमकी हवी ती वस्तु जुन्या जागेच्या फळीवर राहून गेली. आणि पहिल्या रात्रीं पाणी प्यावयास उठल्यावर त्याचा हात सवयीनें ज्या भिंतीकडे जातो, त्या भिंतीवर दिव्याचें बटणच नसतें. आम्हीं आजवर अशीं चार बिऱ्हाडें केलीं. पांचवें आम्हीं २०२५ सालच्या दसऱ्याला केलें, आणि तें करतांना घराचा उंबरठाहि ओलांडला नाहीं. आम्हीं आमचा संगणक विंडोजच्या वाड्यांतून काढून लिनक्सच्या आळींत नेला. आणि तोहि, वाचकांनीं हंसूं नये, खेळ खेळण्यासाठीं.

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें संगणकावर लुटुपुटीच्या लढाया लढाव्या, ही गोष्ट आमच्या कित्येक स्नेह्यांना अद्याप पटत नाहीं. पत्ते, बुद्धिबळें किंवा शब्दकोडीं यांना वयाची आडकाठी नाहीं. मग याच खेळाला ती कां असावी, असें आम्ही त्यांस विचारतों, आणि त्यांचें उत्तर येण्यापूर्वींच विषय बदलतों. कारण खरें उत्तर आमच्यापाशींच आहे, आणि तें वादांत मांडण्यासारखें नाहीं. म्हणून तें येथें सांगतों.

आमचा संगणक २०१७ सालचा. त्या वर्षीं आमची कन्या बारावीच्या परीक्षेंतून मोकळी झाली होती, आणि तयार यंत्र विकत घेणें तिला कमीपणाचें वाटत होतें. एका शनिवारीं ती आम्हांला ठाण्याहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेऊन गेली. तेथल्या चिंचोळ्या दुकानांतून सबंध दिवस हिंडून तिनें एकेक भाग जमविला. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर एका दुकानांतून, मदरबोर्ड दुसऱ्या, ग्राफिक्स कार्ड तिसऱ्या. घासाघीस तिनें केली. पिशव्या आम्हीं धरल्या. रात्रीं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनें तें यंत्र जुळविलें, तेव्हां आमच्याकडे विजेरी धरण्याचें काम होतें. बटण दाबल्यावर आंतला पंखा फिरूं लागला, त्या क्षणींचा तिचा चेहरा आम्हांस अजून आठवतो.

त्या यंत्रावर आम्ही दोघें जो खेळ खेळत आलों, तो 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग. डॅलस येथील एन्सेंबल स्टुडिओज या मंडळीनें तो १९९९ सालीं तयार केला आणि २०१९ सालीं त्याची नवी आवृत्ति निघाली. तीन खेडूत, एक टेहळणीचा स्वार आणि जवळपास चरणाऱ्या कांहीं मेंढ्या, एवढ्या भांडवलावर राज्य उभें करावयाचें. लांकडें तोडावयाचीं, शेतें लावावयाचीं, सोनें खणावयाचें, आणि हें सारें प्रतिपक्षाचे घोडेस्वार वेशीशीं येण्यापूर्वीं. कन्या लहान असतांना आमच्या मांडीवर बसून मेंढ्या हांकी. पुढें ती खुर्चीवर बसूं लागली आणि आम्ही स्टुलावर आलों.

२०२२ सालीं ती नोकरीसाठीं बंगळुरास गेली. तेव्हांपासून दर शनिवारीं रात्रीं दहाला आम्ही दोघें एकाच बाजूनें लढतों. दूरध्वनीवरचें आमचें बोलणें फार थोडें असतें. "जेवलीस का?" "जेवले." "पाऊस आहे का?" "आहे थोडा." यापुढें आम्हां दोघांसहि विषय सुचत नाहीं. परंतु कानाला यंत्र लावून, डोळे पडद्यावर ठेवून, तटबंदी बांधतां बांधतां ती सहज बोलूं लागते. वरिष्ठांशीं खटका उडाल्याचें, राहत्या खोलीचें भाडें वाढल्याचें, एका रात्रीं उगाच रडूं आल्याचें तिनें आम्हांला असेंच सांगितलें, आणि लगेच म्हणाली, "बाबा, डावीकडे बघा, हत्ती आले." दोघांचे डोळे एकमेकांच्या तोंडाकडे नसले म्हणजे कित्येक गोष्टी सांगणें सोपें जातें. शनिवारच्या त्या दोन तासांना आमच्या घरीं काय मोल आहे, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

अशांत पडद्याच्या कोपऱ्यांत एक सूचना येऊं लागली. विंडोजची दहावी आवृत्ति २०१५ च्या जुलैंत निघाली होती; १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट तिची देखभाल थांबविणार होती. अकरावी आवृत्ति २०२१ पासून निघाली होती. परंतु तिला सुरक्षेची दुसऱ्या श्रेणीची चिप आणि बहुधा आठव्या किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा सातव्या पिढीचा. एका पिढीच्या अंतरानें आमचा नंबर हुकला होता.

न्यायानें बोलावयाचें तर यांत कोणी कोणावर जुलूम केला असें नाहीं. दहा वर्षें एका आवृत्तीची डागडुजी करणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि घरगुती वापरणारांना सुरक्षेची डागडुजी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळण्याची सोयहि ठेवलेली होती. पण आमच्या मनानें ही सारी बाजू ऐकून घेतलीच नाहीं. मुलीनें स्वतःच्या हातानें जुळविलेलें, अजून एकहि दिवस न अडलेलें यंत्र भंगारांत घालावयाचें, आणि त्याच्या जागीं पन्नास-साठ हजारांचें नवें आणावयाचें, ही कल्पनाच आम्हांला सहन होईना. यांत ममता किती, कंजूषपणा किती आणि तत्त्व किती, याचें पृथक्करण आम्हीं त्या वेळीं केलें नाहीं. तिघांनाहि आम्हीं 'तत्त्व' या एकाच नांवानें संबोधिलें.

लिनक्सचें नांव आम्हांला नवें नव्हतें. १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपल्या संगणकासाठीं एक गाभा लिहावयास घेतला आणि तो जगासमोर उघडा ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ पासून चालविलेल्या ग्नू या उपक्रमाचीं साधनें त्याला मिळालीं, आणि कोणीहि वाचावी, बदलावी, वाटावी अशी एक सबंध प्रणाली उभी राहिली. मोठमोठे सर्व्हर आज तिच्यावर चालतात; खिशांतल्या अँड्रॉइड फोनाच्या पोटांतहि तिचाच गाभा असतो. परंतु 'खेळ' म्हटलें कीं, लिनक्सवाले मान खालीं घालीत. 'डूम' हा प्रसिद्ध खेळ १९९४ सालींच लिनक्सवर आला होता हें खरें. १९९८ त लोकी सॉफ्टवेअर नांवाच्या मंडळीनें गाजलेले खेळ लिनक्सवर आणण्याचा धंदाहि मांडला. पण तो २००२ त बसला. खेळ विंडोजसाठींच लिहिले जात, कारण खेळणारे तेथें. आणि खेळणारे तेथें, कारण खेळ तेथें. विहिरींत पाणी नाहीं म्हणून गांव वसत नाहीं, आणि गांव नाहीं म्हणून कोणी विहीर खोल करीत नाहीं, असा हा पेंच होता.

तो सुटला कसा, ही हकीकत आम्हांला फार मनोरंजक वाटली. विंडोजसाठीं लिहिलेला खेळ चालतो म्हणजे काय होतें? तो पावलोपावलीं प्रणालीजवळ कांहीं मागत असतो : ही फाइल उघड, हा आवाज काढ, येथें त्रिकोण रंगव. या मागण्या विंडोजच्या भाषेंत असतात. लिनक्सला ती भाषा येत नाहीं. तेव्हां दोघांमध्यें एक दुभाष्या बसविला तर? 'वाइन' हा असा दुभाष्या १९९३ पासून तयार होत होता. तो विंडोजचें सोंग आणून सारें यंत्र नव्यानें उभें करीत नाहीं. केवळ मागणी ऐकतो आणि ती लिनक्सच्या रीतीनें पुरी करतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति निघण्यास २००८ साल उजाडलें. पंधरा वर्षें लोक हें काम बिनबोभाट करीत होते, यावरून त्यांची चिकाटी दिसून येते.

पुढचा धक्का मिळाला तो एका व्यापाऱ्याच्या भीतीनें. व्हॉल्व्ह या कंपनीचें 'स्टीम' हें खेळांचें मोठें दुकान २००३ सालीं निघालें, आणि तें जवळजवळ सगळें विंडोजच्या ओटीवर थाटलेलें होतें. तिचे चालक गेब न्यूएल हे पूर्वीं मायक्रोसॉफ्टमध्येंच होते. २०१२ सालीं विंडोजची आठवी आवृत्ति स्वतःचें दुकान घेऊन येणार असें दिसतांच, ही आवृत्ति म्हणजे संगणकाच्या जगावरचें अरिष्ट आहे, असें ते उघड बोलले. ज्याच्या ओटीवर आपण बसलों तोच उद्यां आंत दुकान काढील, ही धास्ती कोणत्याहि वाण्याला समजेल. व्हॉल्व्हनें २०१५ त लिनक्सवर चालणारीं खेळयंत्रें बाजारांत आणलीं, तीं पडलीं. परंतु त्या मंडळीनें हात टेकले नाहींत. इकडे फिलिप रेबोले नांवाच्या एका प्रोग्रामरला 'नीअर: ऑटोमाटा' हा आपल्या आवडीचा खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता; तेवढ्यासाठीं विंडोजची चित्रें रंगविण्याची भाषा 'व्हल्कन' या खुल्या भाषेंत उतरविणारा तर्जुमा त्यानें लिहावयास घेतला. वाइन आणि हा तर्जुमा एकत्र बांधून व्हॉल्व्हनें २०१८ च्या ऑगस्टांत 'प्रोटॉन' प्रसिद्ध केला; आणि २०२२ सालीं हातांत मावणारें 'स्टीम डेक' हें लिनक्सवरचें यंत्र काढून, या मार्गानें हजारों खेळ चालतात हें दाखवून दिलें. मोठमोठ्या तत्त्वज्ञांना तीस वर्षांत जें साधलें नाहीं, तें एका व्यापाऱ्याची धास्ती आणि एका तरुणाची खेळाची हौस यांनीं साधून दिलें. जगांतल्या पुष्कळ सुधारणांचें मूळ असेंच असतें, असें आम्हांला वाटतें.

इतकें वाचून आमचा निश्चय पक्का झाला. २ ऑक्टोबरला दसरा होता, आणि योगायोगानें गांधीजयंतीहि. सीमोल्लंघन आणि स्वावलंबन यांचा असा मुहूर्त पुन्हां कोठें मिळणार? सकाळीं यंत्राला हळदकुंकू वाहिलें, झेंडूचें फूल ठेवलें, आणि लिनक्स मिंट ही आवृत्ति पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही बसलों.

चिरंजीव, वय वर्षें पंधरा, दारांत उभे होते. "बाबा, माझा खेळ त्यावर चालणार नाही," ते म्हणाले.

त्यांचें म्हणणें खरें होतें. ज्या खेळांत अनोळखी माणसें एकमेकांविरुद्ध लढतात, त्यांत लबाडी फार. भिंतीपलीकडचा शत्रु दाखविणारीं, नेम आपोआप धरणारीं चोरटीं साधनें मिळतात. ती लबाडी पकडावयास कांहीं खेळांबरोबर एक पहारेकरी येतो आणि तो प्रणालीच्या अगदीं गाभाऱ्यांत जाऊन बसतो. लिनक्सचा गाभारा सर्वांना खुला, कोणीहि बदलावा असा; तेव्हां तेथें बसून मी कोणावर विश्वास ठेवूं, असें त्या पहारेकऱ्याचें म्हणणें. कांहीं पहारेकरी २०२१ पासून प्रोटॉनबरोबर काम करण्यास तयार झाले. परंतु तें दार उघडावयाचें कीं नाहीं हें प्रत्येक खेळाच्या मालकानें ठरवावयाचें, आणि अनेकांनीं तें उघडलें नाहीं. 'एपेक्स लेजंड्स'च्या चालकांनीं तर उघडलेलें दार २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बंद केलें, आणि चोरट्या साधनांचा सुळसुळाट हें कारण दिलें. चिरंजीवांचा खेळ असाच दार बंद असलेल्यांपैकीं होता. शाळेंतले चार मित्र आणि ते, असा पांचांचा संघ रोज संध्याकाळीं तासभर जमत असे.

आम्हीं त्यांना स्वातंत्र्याविषयीं कांहीं ऐकविलें. जो खेळ आपल्या घराच्या देवघरांत स्वतःचा शिपाई बसवूं पाहतो तो खेळच कशाला, असा प्रश्नहि टाकला. प्रश्न बिनतोड होता, आणि म्हणूनच निर्दय होता. मिंट बसवितांना मध्येंच विचारणा होते कीं, जुन्या प्रणालीशेजारीं बसूं कीं सगळी तबकडी पुसून टाकूं? छायाचित्रें व कागदपत्रें आम्हीं दुसरीकडे काढून ठेविलीं होतीं. सोडलेल्या घराची किल्ली खिशांत ठेवूं नये, असें एक भारदस्त वाक्य मनांत म्हणून आम्हीं 'पुसून टाका' यावर बोट ठेवलें. मागें वळून पाहिलें तेव्हां दारांत कोणी नव्हतें.

नवें घर खरोखर चांगलें निघालें. जुन्या यंत्राचा पंखा पूर्वींइतका धापा टाकीना. ग्राफिक्स कार्डाचा चालक एका सूचनेवर आपोआप बसला. मराठी लिहिण्याची सोय थोड्या खटपटीनें झाली, आणि इन्स्क्रिप्टचा कळफलक आमच्या बोटांना होताच. कांहीं दिवस हात जुन्या जागीं जात राहिले. 'सी' नांवाची आमची जुनी खोली कोठें गेली म्हणून आम्ही शोधीत बसलों. येथें प्रत्येक वापरणाराचें सामान 'होम' या नांवाच्या दालनांत असतें असें समजलें, तेव्हां बिऱ्हाडकरूच्या मनाला तें नांव गोड लागलें. खेळ चढविला, पहिल्या खेपेस चित्रांची पूर्वतयारी करण्यांत त्यानें कांहीं मिनिटें घेतलीं, आणि मग तेंच ओळखीचें संगीत, त्याच मेंढ्या.

शनिवार, ४ ऑक्टोबर. रात्रीं दहाला कन्या आली. आम्हीं आमच्या पराक्रमाचें वर्णन केलें, तिनें कौतुक केलें, आणि लढाई सुरू झाली. वीस-बावीस मिनिटें झालीं असतील. दोन्ही पडदे एकदम थांबले. 'खेळाचा मेळ सुटला,' एवढीच सूचना. पुन्हां सुरू केला, पुन्हां तेंच. तिसऱ्या खेपेस ती म्हणाली, "राहू द्या बाबा, उशीर झाला. पुढच्या आठवड्यात बघू." त्या रात्रीं तिला आणखी कांहीं सांगावयाचें होतें असें आम्हांला वाटत राहिलें. मेळ नसलेल्या फोनवर तें विचारावयाचें धैर्य झालें नाहीं.

या सूचनेचा अर्थ पुढें कळला तो सांगण्यासारखा आहे. या खेळांत शेंकडों सैनिक असतात. त्यांतला प्रत्येक कोठें उभा आहे हें एका यंत्रानें दुसऱ्याला क्षणोक्षणीं कळवावयाचें म्हटलें, तर १९९७ सालीं या मालिकेचा पहिला खेळ निघाला तेव्हांच्या मंद मोडेमवरून तें शक्यच नव्हतें. म्हणून कर्त्यांनीं एक युक्ति योजिली. प्रत्येक यंत्रानें सगळें जग आपल्या घरीं स्वतंत्रपणें चालवावयाचें. तारेवरून जावयाच्या त्या केवळ आज्ञा : 'हा खेडूत तिकडे गेला', 'या तिरंदाजांनीं बाण सोडला'. नियम तेच, आज्ञा त्याच, गणितहि तेंच. म्हणून दोन्ही जगें केसाइतकींहि वेगळीं होत नाहींत. परंतु एका यंत्राच्या गणितांत दशांशाच्या कोठल्या तरी दूरच्या स्थानीं फरक पडला, तर एक बाण इकडे लागतो आणि तिकडे चुकतो. मग जगें हळूहळू फांकत जातात, आणि तें उघडकीस येतांच खेळ थांबतो.

आम्हांला वाटतें, दूर राहणाऱ्या आपल्या माणसांचें हेंच असतें. सारें जग कोणी कोणाला कळवीत नाहीं. ती तिच्या मनांत आमचें घर चालविते, आम्ही आमच्या मनांत तिची खोली चालवितों. मध्यें जातात ते थोडेसे शब्द. जोंवर दोन्हीकडचें गणित एक आहे, तोंवर तेवढे शब्द पुरतात.

पुढच्या आठवड्यांत आम्हीं पुष्कळ डोकें फोडलें. उपयोग झाला नाहीं. चिरंजीव रोज संध्याकाळीं शेजारच्या इमारतींत एका मित्राकडे जाऊं लागले. त्या मित्राकडे एकच यंत्र. म्हणजे चौघे खेळत आणि हे मागें बसून बघत, असें आम्हांला मागाहून कळलें. नऊला घरीं येत, जेवत, निजत. आमच्याशीं भांडत नसत. भांडते तर बरें झालें असतें. गुरुवारीं रात्रीं घरांतून आम्हांला एकच वाक्य ऐकावयास मिळालें : "लेकीशी बोलायला मिळावं म्हणून लेकाशी बोलणं बंद केलंत." आमच्या स्वातंत्र्याच्या तत्त्वज्ञानांत या वाक्याला उत्तर नव्हतें.

शुक्रवारीं मध्यरात्रीं आम्हांला जाग आली तों बाहेरच्या खोलींत उजेड. चिरंजीव संगणकासमोर बसले होते. आमच्या मनांत आलें, हा सगळें पुसून जुनी प्रणाली पुन्हां बसवीत आहे. आणि खरें सांगतों, आम्हांला राग येण्याऐवजीं सुटल्यासारखें वाटलें. जवळ जाऊन पाहिलें. पडद्यावर आमचाच खेळ होता.

"विंडोजच्या गणिताची एक फाइल असते," मागें न वळतां ते म्हणाले. "दुभाष्याची फाइल वेगळी, ती कुठेतरी वेगळं गोळाबेरीज करते. मूळ फाइल खेळाच्या पेटीत ठेवली आणि तीच वापर म्हणून सांगितलं. ताईला जागं ठेवलंय. चाळीस मिनिटं झाली, अजून मेळ सुटला नाही."

कानाच्या यंत्रांतून बारीक आवाज येत होता. बहीण-भाऊ आमच्यावांचून खेळत होते. आम्ही स्टूल ओढून शेजारीं बसलों आणि बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. ज्याचा खेळ आम्हीं पुसून टाकला, त्यानें आमचा खेळ दुरुस्त केला होता. आणि तसें करतांना एक शब्दहि ऐकविला नव्हता. तत्त्वासाठीं त्याग करावा हें आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों. परंतु आपल्या तत्त्वासाठीं दुसऱ्याची वस्तु टाकणें याला त्याग म्हणत नाहींत, ही साधी गोष्ट पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या ध्यानांत आली नव्हती.

दिवाळीला कन्या घरीं आली ती एक लहानशी दुसरी तबकडी घेऊन. भाऊबीजेची ओंवाळणी उलटी झाली म्हणावयाची. बहिणीनें भावाला दिली. दोघांनीं यंत्र टेबलावर आडवें घातलें, वर्तमानपत्र पसरलें, आणि आम्हांला पुन्हां एकदां विजेरी धरावयास मिळाली. नव्या तबकडीवर विंडोजची दहावी आवृत्ति बसली, एका वर्षाच्या डागडुजीची सोय करून घेण्यांत आली. जुनीवर मिंट तसेंच राहिलें. आतां यंत्र सुरू केलें कीं, तें विचारतें, कोणत्या दारानें जावयाचें? पूर्वीं एकत्र कुटुंबांत पटेनासें झालें कीं, एकाच घरांत दोन चुली मांडीत. लोक त्याला फूट म्हणत. कित्येकदां त्यामुळेंच घर टिकत असे, हें आम्हांला आतां पटलें. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर दुसऱ्या चुलीचें काय करावयाचें, तें चिरंजीव ठरवतील असें आम्हीं जाहीर केलें आहे, आणि त्या दिवशीं आमच्यापाशीं कोणतेंहि भारदस्त वाक्य तयार नसेल असें वचनहि दिलें आहे.

मग या बिऱ्हाडबदलानें आम्हीं काय मिळविलें? स्वातंत्र्य मिळविलें असें म्हणावें, तर ज्या स्टीमच्या दुकानांतून आमचे खेळ येतात तें दुकान खुलें नाहीं. तेथें विकत घेतलेला खेळहि आपल्या मालकीचा नसतो, केवळ वापरण्याचा परवाना असतो. म्हणजे एका मालकाचा वाडा सोडला तरी दुसऱ्याच्या भाड्यांतून आम्ही सुटलों नाहीं. बहुमतांत सामील झालों म्हणावें, तर २०२५ च्या ऑक्टोबरांतील स्टीमच्या मोजणींत लिनक्सवाले खेळाडू शेंकडा तीनच्या किंचित् वर होते. तरीहि आम्हांला पश्चात्ताप नाहीं. आठ वर्षांपूर्वीं एका मुलीनें जुळविलेलें यंत्र अजून चालू आहे. तें केव्हां थांबावयाचें हें आतां त्याचें तेंच ठरवील. आणि नव्या घरांत एखादें खिळें ठोकावयाचें असलें, तर कोणाची परवानगी लागत नाहीं, हें सुख भाडेकरूलाच कळेल.

शनिवारीं रात्रीं दहाला आम्ही अजून लढतों. हल्लीं कधीं कधीं पावणेदहाच्या सुमारास चिरंजीव आपल्या दारांतून बाहेर येऊन आमच्या दारांत बसतात, आणि खुर्ची त्यांची, स्टूल आमचें, अशी वांटणी होते. परवां कन्या तिकडून म्हणाली, "आज कोण आहे रे, तू का बाबा?" तो म्हणाला, "दोघं." मग तिनें आपल्या बदलीची गोष्ट सांगावयास घेतली. आम्हीं दोघांनींहि तिच्याकडे न पाहतां ती ऐकली. डावीकडून हत्ती येत होते.